आमिश घरातले खारे मफिन



ज्यांच्या दारी दुभते जनावर आहे त्यांना एक गोष्ट मी सांगायला नको. दूध रोज येते. गिऱ्हाईक मात्र रोज येतेच असे नाही. मागे एका पावसाळ्यात आमच्या गावच्या ओढ्याला पूर आला, रस्ता दोन दिवस बंद झाला आणि डेअरीची गाडी काही गावात पोचली नाही. म्हशींना त्याचे काय? त्या आपल्या वेळेवर पान्हवल्या. चार वेळचे दूध घरात साठले. तापवले, विरजले, ताक केले, लोणी काढले, शेजारीपाजारी वाटले, तरी उरलेच. तेव्हा आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "दूध टाकायचं नसतं गं. त्याला दुसरं काही रूप द्यायचं असतं."

त्यांचे ते बोलणे माझ्या मनात राहिले. पुढे माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात गेला. सुटीवर येताना तिथल्या लँकेस्टर गावच्या बाजारातून त्याने माझ्यासाठी पाककृतींची एक साधी वही आणली. आमिश नावाच्या शेतकरी समाजातील बायकांनी आपापल्या कृती देऊन ती तयार केलेली. कृती अगदी त्रोटक. जिन्नस लिहायचे आणि खाली एक ओळ, 'कडक भट्टीत भाजा' एवढीच. जिला रोज करायचे आहे तिला याहून अधिक कशाला सांगा, असा एकंदर प्रकार! त्या वहीत चीज घातलेल्या खाऱ्या मफिनची कृती होती. आज तीच आपल्याला सांगणार आहे. पण त्याआधी ज्यांच्या घरची ती आहे, त्या लोकांविषयी थोडेसे.

हा एक ख्रिस्ती पंथ. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि अल्सास या भागांत याकोब अम्मान नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे काही लोक मूळ पंथापासून वेगळे झाले. त्याच्या नावावरून ते आमिश म्हणून ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतली काही कुटुंबे समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात आली. आज त्यांची लोकसंख्या सुमारे चार लाख आहे. लँकेस्टरचा परिसर आणि ओहायो राज्यातील होम्स परगणा इथे त्यांची मोठी वस्ती आहे. घरात ते जर्मनची एक बोली बोलतात. साधा पोशाख करतात, घोडागाडीतून फिरतात आणि सार्वजनिक तारांवरची वीज घरात घेत नाहीत.

हे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे हे लोक यंत्राचे वैरीच की! तसे मात्र नाही. त्यांच्या पुष्कळ घरांत गॅसची शेगडी असते, गॅसवर चालणारे शीतकपाटही असते. काही कडक मंडळ्यांत अजून लाकडाची चूल आहे. नवे काही आले की त्यांची मंडळी एकत्र बसते आणि विचार करते, या वस्तूने आपले घर आणि आपला शेजार बांधलेला राहील की सुटेल? बांधलेला राहील असे वाटले तर ती घेतात, एरवी दाराबाहेर ठेवतात. हे सारे नियम प्रत्येक मंडळीचे निराळे असतात.

दुधाच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहिला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लँकेस्टर भागातील दूध कंपन्यांनी सांगितले, की यापुढे कॅनमधले दूध आम्ही घेणार नाही. प्रत्येक गोठ्यावर थंड करणारी मोठी टाकी हवी, आणि त्या टाकीतले दूध ठराविक वेळाने यंत्राने ढवळले गेले पाहिजे. आता आली का पंचाईत! नाही म्हणावे तर दूध विकायचे कुठे? हो म्हणावे तर विजेची तार घरात आलीच. शिवाय रविवारीही गाडी येणार, आणि रविवार हा तर त्यांचा उपासनेचा दिवस. शेवटी त्यांचे वडीलधारे आणि कंपन्यांचे लोक समोरासमोर बसले. टाकी मान्य झाली, पण थंड करण्याचे काम डिझेल इंजिनावर आणि ढवळणे बारा व्होल्टच्या बॅटरीवर. रविवारी मात्र दूध न्यायचे नाही. यंत्राला कुठवर आत येऊ द्यायचे ते त्यांनी ठरवले, आणि धंदाही राखला.

ज्या वस्त्यांनी टाकी घेतली नाही, त्यांना चीजने आधार दिला. अमेरिकेत पिण्याच्या दुधाचे नियम कडक आहेत, चीजसाठी लागणाऱ्या दुधाचे तितके नाहीत. त्यामुळे कॅनमध्ये भरून थंड पाण्यात ठेवलेले दूध चीजच्या कारखान्याला चालते. होम्स परगण्यात असे छोटे छोटे कारखाने उभे राहिले. त्यांपैकी चार्म नावाच्या खेड्यातील कारखान्यात आल्फ्रेड गुगिसबर्ग या स्वित्झर्लंडहून आलेल्या कारागिराने १९६० च्या दशकात 'बेबी स्विस' नावाचे सौम्य, बारीक भोकांचे चीज तयार केले, ते पुढे सगळ्या अमेरिकेत गेले. आजूबाजूच्या आमिश गोठ्यांतले दूध अशा रीतीने टिकाऊ झाले. तरीही सगळे सुरळीत आहे असे समजू नका. जमीन महागली, कुटुंबे वाढली, दुधाला भाव पुरत नाही, म्हणून मोठ्या वस्त्यांत आज निम्म्याहून अधिक घरे सुतारकामावर, लाकडी सामानावर, दुकानावर जगतात. अडचण ओळखीची वाटते ना?

घरगुती प्रकार निराळेच. आंबलेले दूध हळूहळू कोमट करायचे, साकळले की फडक्यातून गाळायचे, वर मीठ आणि साय घालायची. त्याला ते 'श्मीअरकेझ' म्हणतात. आपल्या चक्क्याचाच हा लांबचा भाऊ. पंधरवड्याने एका रविवारी कोणाच्या तरी घरी उपासना होते आणि नंतर सगळ्यांना साधे जेवण असते. त्यात पाव, लोणची आणि पावाला लावायचे पातळ चीज हमखास असते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळेच घरचे असते असे नाही. बाजारचे तयार चीज, डब्यातले सूप हेही त्या वहीत जागोजागी आहे. मफिनही काही त्यांनी शोधून काढलेला नाही. तो साऱ्या अमेरिकेतल्या शेतकरी घरांचा पदार्थ आहे. पण घरचे ताक, घरचे लोणी, गावातले चीज आणि डझनभर खाणारी तोंडे जिथे आहेत, तिथे तो चांगलाच रुजला.

मफिन म्हणजे वाटीएवढा छोटा पाव. नेहमीच्या पावाला खमीर लागते, पीठ मळावे लागते, फुगण्याची वाट पाहावी लागते. मफिनला यांतले काही नको. तो फुगतो सोड्यावर. पूर्वी अमेरिकेतल्या बायका लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार यासाठी वापरत. १७९६ साली छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात त्याचा उपयोग सांगितला आहे. आपल्याकडे पापडखार वापरतात ना, त्याच जातीची ही वस्तू. पुढे एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर बाजारात आली आणि काम सोपे झाले. ताकातला आंबटपणा सोड्याला भेटला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, आचेने पीठ त्यांच्याभोवती घट्ट होते, आणि आपण म्हणतो, "फुगलं बाई!"

आता जिन्नस लिहून घ्या. कप म्हटले की सुमारे २४० मिलिलिटरचा समजा. एवढ्यात बारा मफिन होतात.

मैदा दोन कप, म्हणजे अडीचशे ग्रॅम. बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे सपाट, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, साखर एक मोठा चमचा. मोहरीची पूड पाव चमचा आणि मिरपूड पाव चमचा. किसलेले चीज दीडशे ग्रॅम. चेडर जातीचे, जरा मुरलेले मिळाले तर चव छान उतरते. ओल्या जिनसांत एक अंडे, एक कप दाटसर ताक आणि साठ ग्रॅम लोणी, वितळवून कोमट केलेले.

अंडे चालत नसेल तर पाव कप घट्ट दही घाला. मफिन किंचित जड होईल, पण चांगला होईल. मैद्यातला अर्धा कप काढून तिथे मक्याचे पीठ घातले तर खमंग लागतो. मक्याचे मफिन अमेरिकेत घरोघर होतात. नुसत्या कणकेचे केले तर घट्ट होतात, म्हणून निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या. चीज मिळाले नाही तर चक्का किंवा पनीर कुस्करून घाला, मात्र मीठ चिमूटभर वाढवा. ते चीजसारखे वितळणार नाही, पण मफिन मऊ राहतो. आणि शाकाहारी घरांसाठी एक सूचना. काही चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या पोटातले रेनेट वापरतात. आता इतर प्रकारचे रेनेटही पुष्कळ वापरात आहे. आपल्याकडच्या वेष्टनावर हिरव्या रंगाची खूण आहे का, एवढे पाहून घ्यावे.

प्रथम कोरडे जिन्नस दोनदा चाळून घ्या, म्हणजे सोड्याची गुठळी राहत नाही. त्यात चीजचा कीस टाकून बोटांनी मोकळा करा. किसाला पीठ लागले की तो तळाशी बसत नाही. दुसऱ्या भांड्यात अंडे फेटा, ताक घाला, मग लोणी. आता पिठात मधोमध आळे करा आणि ओले सगळे एकदम त्यात ओता.

आणि इथे, बायांनो, हात आवरायचा. लाकडी चमच्याने खालून वर असे दहा-बारा वेळा फिरवा, आणि थांबा. गुठळ्या दिसतील, दिसू द्या. कोरडे पीठ दिसेनासे झाले की काम झाले.

माझी पहिली खेप याच जागी फसली. आम्हां लोकांचा हात पडला पुरणपोळीचा! कणीक तिंबतिंब तिंबायची, तेल लावून आपटायची, तेव्हा कुठे पोळी तार येऊन सुटते. त्याच सवयीने मी मफिनचे पीठ चांगले घोटले. गुळगुळीत झाले, मनाला बरे वाटले. भाजून निघाले तेव्हा डोकी टोकदार, आत लांबलांब भोकसे, आणि खायला असे चिवट की आत्याबाई म्हणाल्या, "अगं, हे खायला दिलंयस की चेंडू खेळायला?"

त्याचे कारण समजून घेतले म्हणजे पुन्हा चूक होत नाही. गव्हात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी लागले आणि घोटले की ती एकमेकांत गुंतून चिवट जाळे तयार होते. पोळीला ते जाळे हवे, मफिनला नको. शिवाय ताक आणि सोडा एकत्र येताच वायू सुटू लागतो. ढवळत बसलो तर तो हवेत निघून जातो. म्हणून भट्टी आधी तापवायची, वाट्यांना तूप आधी लावायचे, आणि कोरडे-ओले अगदी शेवटी एकत्र करायचे. एकत्र केल्यावर निरोप द्यायला दारात जायचे नाही!

वाट्या दोन तृतीयांश भरा. घरी विजेची किंवा गॅसची भट्टी असेल तर दोनशे अंश सेल्सिअसवर अठरा ते बावीस मिनिटे ठेवा. मधोमध काडी टोचून पाहा. ओले पीठ न लागता बाहेर आली की झाले. चीजचा तार लागला तर ते कच्चेपण समजू नका.

भट्टी नसेल तर? आपल्या आयाआज्यांनी नानकटाई कशावर भाजली? जाड बुडाचे जुने पातेले घ्या. तळाशी स्वच्छ, चाळलेली, कोरडी वाळू इंचभर पसरा. वर लहान तिवई ठेवा. झाकण घालून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवा. एका ताटलीत चिमूटभर मैदा पसरून आत ठेवा; चार-पाच मिनिटांत तो तांबूस झाला तर ताप बरोबर, काळा झाला तर आच कमी करा. मग लहान स्टीलच्या वाट्यांत पीठ भरून तिवईवर ठेवा आणि झाकण लावा. पंचवीस ते पस्तीस मिनिटे लागतात. पहिली वीस मिनिटे झाकण काढायचे नाही, मफिन बसतो. वरचा रंग यायला झाकणावर चार निखारे ठेवावेत. अमेरिकेतले जुने शेतकरीही जाड लोखंडी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवूनच भाजत. मात्र निखारे पेटते असताना दार-खिडकी उघडी हवी. बंद खोलीतला कोळशाचा वायू जिवावर बेततो. आणि या कामाला नॉनस्टिकचे भांडे वापरू नका.

एका वेळी पातेल्यात पाच-सहाच वाट्या मावतील. तेव्हा सगळे पीठ एकदम कालवू नका. कोरडे आणि ओले निम्मे निम्मे वेगळे ठेवा आणि दुसरा घाणा लावायच्या वेळी उरलेले कालवा.

मफिन त्याच दिवशी खावेत. दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम केले की पुन्हा मऊ होतात. तिकडे सूपाबरोबर खातात. आपल्याकडे टोमॅटोच्या साराबरोबर किंवा पातळ आमटीबरोबर बरे लागतात. प्रवासाला आणि मुलांच्या डब्याला तर सोयीचेच.

डब्यावरून आठवले. शिक्षकबंधुभगिनी ऐकत असतील. आमिश मुले बहुधा एकाच खोलीच्या शाळेत शिकतात. आठही इयत्ता एका खोलीत, शिकवणारी बहुतेक त्यांच्याच समाजातली तरुण मुलगी, आणि प्रत्येकाजवळ घरचा डबा. आठवीपुढे मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही, असा निकाल १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. हा निकाल सर्वांना पटेलच असे नाही. मुलीने आठवीवर थांबावे हे मला स्वतःला पटत नाही. पण स्वयंपाकघरातून विज्ञान शिकवता येते, एवढे मात्र मी या मफिनवरून शिकले.

दोन प्रयोग वर्गात करून पाहा. दोन पेले घ्या, एकात पाणी, एकात आंबट ताक. दोन्हींत पाव पाव चमचा सोडा टाका. कुठे फेस येतो ते मुलांनी सांगावे, आणि का येतो तेही त्यांनाच विचारावे. दुसरा प्रयोग याहून मजेचा. कणकेचा एक गोळा आणि ज्वारीच्या पिठाचा एक गोळा घ्या. दोन्ही पाण्याच्या भांड्यात बोटांनी हलके चोळत धुवा. ज्वारीचा गोळा विरघळून जाईल. कणकेचा पांढरा भाग धुऊन जाईल आणि हातात रबरासारखा पिवळसर चिकट गोळा उरेल. हेच ते जाळे. मग मुलांना विचारा, तुमची आई पोळी लाटते आणि भाकरी थापते, ते का? ज्वारीला गरम पाणी का घालते? उत्तर त्यांच्या हातात असेल.

आता शेवटचे. मफिन केल्याने कोणाच्या दुधाचा भाव वाढणार नाही, हे मीही जाणते. मुरवलेले चीज घरच्या घरी करणे हे सोपे काम नव्हे. त्याला थंड जागा, काटेकोर स्वच्छता आणि महिनोन्महिन्यांचा धीर लागतो. पण ओढ्याला पूर येईल, गाडी येणार नाही, त्या दिवशी चक्का बांधता येईल, ताक वापरता येईल, आणि शेजारच्या चार मुलांना गरम काही देता येईल. त्या लँकेस्टरच्या शेतकऱ्यांनी दुधाची टाकी घेतली, पण ती कशावर चालावी आणि रविवारी दार उघडावे की नाही, हे स्वतः ठरवले. आपल्याही घरात नवे पदार्थ, नवी साधने रोज येताहेत. ती घ्यावीत. आपला तवा, आपली वाळूची भट्टी आणि आपले ताक यांच्याशी जमवून घ्यावीत.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा गाडी चुकली. आत्याबाईंनी स्वतः चक्का बांधला आणि मला हाक मारली, "ते तुझं अमेरिकेचं काढ गं. आणि फार घोटू नकोस!" त्या दिवशीचे मफिन चांगले फुगले होते. आपलेही फुगतील. पहिली खेप बिघडली तर चहात बुडवून खा, आणि दुसरी लावा.